हाऊस चालू आहे

फोन भाजींच्या (पंजाबीत भाजी म्हणजे दादा) हातात आहे आणि त्यावर वाकलेले आम्ही पाचजण. पडद्यावर महापालिकेचं सभागृह. वर महापौर, शेजारी आयुक्त, खाली नगरसेवक. खुर्च्या सगळ्यांना आहेत, पण निम्मे उभेच आहेत आणि चारपाच जण थेट हौद्यात उतरलेत. एकाच्या हातात कागदांची चवड. ती तो डोक्यावर धरून हलवतो आणि माइक नसताना ओरडतो, "पैसा गेला कुठे? सभागृहाला आकडा द्या!" मागून कोणीतरी बाक बडवतं. महापौर घंटी वाजवतात. घंटी ऐकू येत नाही, हात हलताना तेवढा दिसतो.

"आजचं हाऊस," भाजी म्हणतात. इथं महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला सगळे 'हाऊस'च म्हणतात.

"आजचं कसलं?" वरच्या मजल्यावरची भाभी पडद्यावर बोट ठेवते. "स्वेटर बघा. दसरा आत्ता झालाय. मागच्या थंडीतलं आहे हे."

"मागच्या नाही, त्याच्या मागच्या," भाजींचा नातू म्हणतो. तो पंजाब विद्यापीठात कायदा शिकतो आणि आजोबांची चूक काढायची संधी सोडत नाही.

क्लिप कुणीतरी पुढे ढकललेली, तिच्यावर ना तारीख ना नाव. प्रश्नावरून साल सांगता येत नाही. सांगता येईल ते महापौरांच्या खुर्चीवरून, कारण चंडीगडचा महापौर एकाच वर्षाचा असतो. २०२२ पासून २०२५ पर्यंत दर वर्षी नवा चेहरा आला. पण क्लिप काढणारा पार मागे उभा आहे आणि खुर्चीतली व्यक्ती म्हणजे नुसता एक ठिपका आहे.

२०२५ चा ऑक्टोबर. आम्ही सेक्टर ३० च्या मार्केटात, चहावाल्यापुढच्या पेव्हरवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसलोय. सातवीण फुललीय, तिचा उग्र गोड वास चहात उतरतोय. दक्षिण मार्गावरून एक रुग्णवाहिका पलीकडच्या सेक्टर ३२ च्या सरकारी मेडिकल कॉलेजकडे वळते, तेवढा वेळ सगळे गप्प. ह्या शहराचा वास्तुकार कॉर्बूझिए, त्याच्या आराखड्यातला पहिला टप्पा सेक्टर १ ते ३०, दीड लाख वस्तीसाठी. म्हणजे पहिल्या टप्प्याचा आकडा आमच्यावर येऊन थांबला. रस्ता ओलांडला की दुसरा टप्पा. दोन्ही मिळून पाच लाख माणसं धरली होती. २०११ च्या जनगणनेत चंडीगड साडेदहा लाखांवर गेलेलं. नळ, गटारं, रस्ते, कचरा यांवरचे सगळे प्रश्न ह्या वजाबाकीत आहेत, पण वजाबाकीवर हाऊस तापत नाही.

सेक्टर ३० काही बड्या कोठ्यांचा सेक्टर नव्हे. सरकारी क्वार्टर्स, लहान घरं, सीएसआयओ ह्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेचं आवार, निरंकारी भवन. माझा मुलगा सीएसआयओत आहे म्हणून मी इथं. त्याआधी माझी सगळी नोकरी मुंबईत मंत्रालयात गेली. कक्ष अधिकारी. विधानसभेतल्या प्रश्नांची उत्तरं तयार करणं हे माझं काम. भाजी पंजाबच्या सचिवालयातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले. सेक्टर १ मध्ये त्यांचंही तेच काम. त्यामुळे आमची मैत्री जमायला वेळ लागला नाही. एकाच धंद्यातली माणसं.

आणि गंमत बघा. सेक्टर १ मधल्या एकाच इमारतीत पंजाब आणि हरियाणा अशा दोन राज्यांच्या विधानसभा भरतात. लुधियान्याच्या रस्त्याचा प्रश्न इथं विचारला जातो, हिसारच्या पाण्याचा इथं विचारला जातो. ज्या गावात ही विधिमंडळं बसतात त्या गावाला स्वतःचा आमदार नाही. १ नोव्हेंबर १९६६ पासून चंडीगड केंद्रशासित, आणि विधानसभा नसलेलं. अर्थसंकल्प संसदेत मंजूर होतो, कारभार गृहमंत्रालयाच्या हाताखाली. प्रश्न विचारायला संसदेत एक खासदार आणि गावात पस्तीस नगरसेवक.

पडद्यावर आयुक्त उठलेत. गोंधळ जरा ओसरलाय. ते शांतपणे वाचतात. अनुदानासाठी प्रशासनाला पत्र पाठवलं आहे. पाठपुरावा चालू आहे. अत्यावश्यक सेवांना प्राधान्य देण्यात येत आहे. उत्पन्नवाढीचे पर्याय तपासले जात आहेत.

"किती?" भाजी मला विचारतात.

"दहापैकी सहा."

"मी सात देईन. 'तपासले जात आहेत' चांगलं बसवलंय."

"बसवलंय, पण प्रश्न होता किती पैसे आणि कधी. त्यातलं एकही आलं नाही."

"म्हणून तर सात," भाजी म्हणतात.

भाभी आमच्याकडे संशयानं बघते. तिला हा खेळ आवडत नाही. आम्ही दोघांनी आयुष्यभर तिच्यासारख्यांना गुंडाळलं असं तिला वाटतं, आणि ते अगदीच खोटं आहे असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. तरी एक सांगते. विधानसभेतल्या उत्तरात 'माहिती गोळा करण्यात येत आहे' लिहिताना आमचे हात थोडे तरी थरथरायचे, कारण समोर मंत्री असायचा आणि त्याच्यावर पूरक प्रश्न येऊन पडायचा. पूरक प्रश्नाला मंत्री अडकला की दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर वादळ. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात रात्री दोनदोन वाजेपर्यंत फोन चालायचे ते ह्याच भीतीपोटी. उत्तर देणारं आणि तिजोरी सांभाळणारं एकच सरकार होतं, म्हणून प्रश्नाला धार होती.

ह्या क्लिपमध्ये ती धार कुठे बोथट होते ते मला दिसतं. आयुक्त खोटं बोलत नाहीत. पैसे त्यांच्याकडे नाहीतच. महापालिकेचा मोठा आधार म्हणजे प्रशासनाकडून मिळणारं अनुदान. २०२४-२५ ला ते ५६० कोटी होतं, त्याच वर्षी चंडीगडचा केंद्राकडून मंजूर झालेला अर्थसंकल्प होता साडेसहा हजार कोटींच्या वर. दिल्लीच्या चौथ्या वित्त आयोगानं महसुलातला तीस टक्के वाटा सुचवला होता, तो द्या, असं नगरसेवक वर्षानुवर्षं म्हणताहेत. पक्ष कुठलाही असो, ह्या एका मागणीवर सगळ्यांचं एकमत असतं. २०२४ च्या अखेरीस तर पगार भागवायची मारामार झाली आणि नवी कामं थांबली. पण तीस टक्के द्यायचे की नाही हे ठरवणारा माणूस त्या सभागृहात बसत नाही. त्याला बोलावताही येत नाही. पंजाबचा राज्यपाल हाच चंडीगडचा प्रशासक, १९८४ पासून. हौद्यात उतरून ज्याच्यावर ओरडायचं तो निरोप्या आहे, आणि ज्याला निरोप जायचा तो सेक्टर ६ च्या राज्यपाल निवासात.

"मग हाऊसमध्ये बसतात कशाला हे?" चहावाला विचारतो. तो उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा. गाळणीतून चहा ओततानासुद्धा त्याचे कान इकडे.

नातू त्याला समजावू लागतो. महापालिका १९९४ ची, पहिली निवडणूक १९९६ ला, कायदा पंजाबचा १९७६ चा, तोच इथं लागू केलेला. पस्तीस निवडून आलेले, नऊ नेमलेले. नेमलेल्यांना मत होतं ते २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं काढून घेतलं. खासदार पदसिद्ध सदस्य, त्याला मात्र मत आहे. चहावाला मान हलवतो आणि गॅस बारीक करतो. त्याचा प्रश्न तसाच राहिलाय हे फक्त भाजींना आणि मला कळतं. पाच गुण, माझ्या मते.

भाभीनं पिशवीतून घरपट्टीचं बिल काढलंय. घडी घालून घालून त्याच्या मधोमध चीर पडलीय. ती ते गुडघ्यावर सपाट करते, हाताच्या कडेनं दाबते आणि आकड्याखाली नख ओढते. "हे कोणी केलं ते सांगा मला."

ह्याचं उत्तर सरळ आहे, म्हणूनच देताना अवघडल्यासारखं होतं. घरपट्टी वाढवायचा ठराव हाऊसपुढे आला होता. हाऊसनं तो नाकारला. मग १ एप्रिल २०२५ पासून प्रशासनानं आपल्या अधिकारात वाढ लागू केली, निवासी घरांना तिप्पट. शहरभर ओरड झाली, सत्ताधारी नगरसेवकही ओरडले, तेव्हा वाढ थोडी खाली आणली गेली. म्हणजे भाभीनं निवडून दिलेल्यांनी 'नको' म्हटलं होतं.

"म्हणजे आमचा एमसी खरं बोलत होता?" नगरसेवकाला इथं एमसी म्हणतात, म्युनिसिपल कौन्सिलर. "मी तर दारात आला तेव्हा त्याला नाही नाही ते बोलले."

"बोललात ते बरंच केलंत," भाजी म्हणतात. "बोलायला दुसरा आहे कोण?"

उलटही घडलेलं आहे. मार्च २०२४ मध्ये हाऊसनं दर घराला महिन्याला वीस हजार लिटर पाणी फुकट द्यायचा ठराव केला, पार्किंगही फुकट. प्रशासकांनी जाहीरपणे झिडकारला. तेव्हा प्रशासक होते बनवारीलाल पुरोहित, आमच्या नागपूरचे. त्यांचं म्हणणं हिशेबाचं होतं, तिजोरीत खडखडाट असताना खैरात कसली. आणि खरं सांगायचं तर माझ्यातली कक्ष अधिकारी त्यांच्या बाजूची आहे. पण निवडून आलेल्यांना चुकायचा हक्क असावा की नाही, हा वेगळा मुद्दा. चुकले तर पुढच्या खेपेला लोक बघून घेतात. इथं चूक करायच्या आतच वरून हात धरला जातो आणि लोकांना बघून घ्यायला काही उरतच नाही. फुकट पाण्याचा ठराव करणाऱ्यांनाही मनातून ठाऊक असणार की हे होणार नाही. जबाबदारीच नसेल तर माणूस उदार होतो.

मराठी माणसाचा आणि ह्या गादीचा संबंध तसा जुना. शहर अजून विटा-सिमेंटात होतं तेव्हा, १९५८ ते १९६२, काकासाहेब गाडगीळ पंजाबचे राज्यपाल म्हणून इथं होते. २०१० ते २०१५ लातूरचे शिवराज पाटील राज्यपाल आणि चंडीगडचे प्रशासक. लोकसभेचे अध्यक्ष राहिलेला माणूस, प्रश्नोत्तराच्या तासाला ज्यानं सबंध देशाचे खासदार सांभाळले, तो विधानसभाच नसलेल्या शहराचा कारभारी. भाजींना हे सांगितलं की ते दर वेळी हसतात. मी दर वेळी सांगते.

तेवढ्यात माझा फोन वाजतो. पुण्याहून धाकटी बहीण. मागे क्लिपचा आवाज ऐकून विचारते, "भांडण चाललंय का कुठे?"

"इथलं हाऊस गं. नगरसेवक भांडताहेत."

"भांडू देत की," ती म्हणते. "आमच्याकडे भांडायलाही नाहीत."

खरं आहे. पुण्यात, मुंबईत मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, त्यालाही ह्या ऑक्टोबर २०२५ मध्ये साडेतीन वर्षं झाली. निवडणुका कोर्टात अडकलेल्या. महापालिकेवर प्रशासक. बजेट तेच मांडणार आणि तेच मंजूर करणार. बहिणीच्या सोसायटीपुढे ड्रेनेजचं काम निघालंय, कुणाला विचारायचं म्हणून ती क्षेत्रीय कार्यालयात जाते तर तिथं सांगतात, लेखी द्या. एकेकाळी नगरसेवकाच्या घरी सकाळी आठला जाऊन त्याच्या बायकोच्या हातचा चहा पीत काम होत असे. तो चहा हीसुद्धा एक संस्था होती. महाराष्ट्रात प्रशासक आला तो निवडणूक नाही म्हणून, चंडीगडात निवडणूक होऊनही तो असतोच. मी बहिणीला म्हणते, तुमचं उद्या सुटेल. ती म्हणते, बघू.

नातवानं दरम्यान दुसरी क्लिप लावलीय. हिची तारीख सगळ्यांना पाठ. ३० जानेवारी २०२४. महापौरपदाची मतमोजणी. एक माणूस टेबलाशी बसून मतपत्रिकांवर पेन चालवतो आणि मान वर करून कॅमेऱ्याकडे बघतो. निवडणूक अधिकारी अनिल मसीह. छत्तीस मतांपैकी आठ बाद, सोळा विरुद्ध बारा, भाजपचे मनोज सोनकर विजयी. हीच क्लिप सर्वोच्च न्यायालयानं पाहिली. मतपत्रिका दिल्लीला मागवल्या, न्यायमूर्तींनी हातात घेऊन बघितल्या, आणि २० फेब्रुवारीला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठानं ती आठ मतं ग्राह्य धरून 'आप'चे कुलदीप कुमार यांना महापौर ठरवलं. बारा अधिक आठ, वीस.

"आणि पुढच्या वर्षी?" भाजी नातवाला मुद्दाम विचारतात.

पुढच्या वर्षी, जानेवारी २०२५ ला, पुन्हा वीसच मतं असलेल्या 'आप'-काँग्रेस आघाडीला सतरा मतं पडली, भाजपच्या हरप्रीत कौर बबला यांना एकोणीस. तीन मतं फुटली. कोणाची ते कळायची सोय नाही, गुप्त मतदान. आणि पक्षांतरबंदी इथल्या नगरसेवकांना लागू नाही. म्हणून त्यानंतरची निवडणूक हात वर करून घ्यायची, तसा नियम जून २०२५ मध्ये बदलला. नियम कोणी बदलला? प्रशासकांनी मंजुरी दिली. नातू हे सांगतो आणि स्वतःच थबकतो.

भाजी उठतात. पाय मोकळे करायला म्हणून मार्केटच्या कडेनं चालू लागतात, मी बरोबर. चारपाच पावलांवर गटाराचं ओतीव लोखंडी झाकण आहे. जुनं. कडा झिजलेल्या, पण वरची नक्षी शाबूत, आणि ती नक्षी म्हणजे शहराचा नकाशाच. चौकटी चौकटींचे सेक्टर, त्यांना जोडणारे रस्ते, मधून वाहणारी हिरवाईची पट्टी. भाजी चपलेनं माती सरकवून एका चौकटीवर अंगठा टेकवतात. "आपण इथं." बहुतेक तो सेक्टर ३० नाही, एकोणतीस असावा. अशी झाकणं इथून गायब होऊन पॅरिसच्या लिलावात लाखांनी विकली गेली आहेत. उत्पन्नवाढीचे पर्याय तपासणाऱ्यांना हे सुचवू नये.

झाकणाशेजारी डांबर उखडलंय, खडी मोकळी झालीय. कोणाचा हा खड्डा? कॉर्बूझिएनं रस्त्यांचे सात प्रकार केले, व्ही-१ ते व्ही-७. दक्षिण मार्ग व्ही-२, तो प्रशासनाचा. सेक्टरला वेढणारा व्ही-३ महापालिकेकडे होता, खर्च झेपेना म्हणून २०२५ मध्ये प्रशासनाकडे परत द्यायचं ठरलं. मार्केटचा व्ही-४, आतला व्ही-५, दारापर्यंतचा व्ही-६ महापालिकेचे. शाळकरी पोराला घरून निघून दक्षिण मार्गापर्यंत जायचं तर सायकलच्या पाचदहा मिनिटांत दोन सरकारं ओलांडावी लागतात. वीज आणखी तिसऱ्याची, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती खासगी कंपनीकडे गेली. इथला खड्डा व्ही-४ आणि व्ही-५ च्या तोंडाशी आहे, म्हणजे निदान मालक एकच. भाजींना ह्याचा आनंद होतो. "प्रश्न टाकता येईल."

आम्ही परत येतो आणि खरंच टाकायला बसतो. भाभीचं बिल पालथं करतो, तीच म्हणते, करा, त्याचा तेवढा तरी उपयोग. पेन नातवाचं, मजकूर माझा. हात आपोआप जुन्या वळणावर जातो. (१) सेक्टर ३० च्या मार्केटालगतचा रस्ता उखडला आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, उक्त रस्त्याचे डांबरीकरण यापूर्वी केव्हा झाले व त्यास किती खर्च आला. (३) पुढील डांबरीकरणासाठी निधीची तरतूद करण्यात आली आहे काय. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मग भाजी ते हिंदीत उतरवतात. चौथ्या कलमावर अडतात.

"हे काढा. विलंबाची कारणं विचारली की ते अनुदानावर जातात. अनुदान म्हटलं की प्रश्न महापालिकेच्या हद्दीबाहेर."

"मग जाऊ दे बाहेर. खासदाराला प्रत द्या," नातू म्हणतो. "लोकसभेत विचारतील."

"ह्या खड्ड्याचं? लोकसभेत?"

"अडीच हजार मतांनी निवडून आलेत. विचारतील."

मनीष तिवारी २०२४ ला २,५०४ मतांनी जिंकले, हे पोराला तोंडपाठ. चौथं कलम राहतं.

एका नगरसेवकाकडे काम करणारा पोरगा स्कूटर लावून चहाला येतो. कुठल्या वॉर्डाचा ते सांगत नाही मी. भाजी त्याला कागद देतात. तो तो वाचत नाही, आधी फोटो काढतो, मग फोटो मोठा करून वाचतो.

"हाऊसला देतो, अंकलजी. अजेंडा निघाला की लागेल."

"उत्तर लेखी पाहिजे. तोंडी नको."

"लेखीला वेळ लागतो. तोंडी पाहिजे तर मीच देतो की."

"दे."

तो चहाचा पहिला घोट घेतो, खड्ड्याकडे बघतो, आणि म्हणतो, "एस्टिमेट बनलंय. फंड आला की काम सुरू."

भाजी माझ्याकडे वळतात. "किती?"

"आठ," मी म्हणते. "ह्याला सचिवालयात घ्या."